कॅमेरे किती ते नको, चालू किती ते सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘सगळे शहर कॅमेऱ्याखाली आणले की सोलापुरात गुन्हाच घडणार नाही’ हे वाक्य निवडणुकीच्या भाषणात ऐकू येते, शांतता समितीच्या बैठकीत ऐकू येते आणि आता सोसायट्यांच्या वार्षिक सभेतही ऐकू येऊ लागले आहे. आम्ही कॅमेरे बसवणारी, बंद पडले की शिडी लावून खांबावर चढणारी मंडळी. हे वाक्य लोकांना पटले तर आमचा धंदा वाढतो. पण ते खरे नाही, आणि का खरे नाही हे आमच्यासारख्यांनी सांगितलेले बरे.

सुरुवात चित्रापासून करू. चौकातल्या खांबावर सहा मीटर उंचीवर चार मेगापिक्सेलचा, 4 मिमी लेन्सचा बुलेट कॅमेरा लावला की अख्खा चौक पडद्यावर येतो आणि उद्घाटनाला आलेले खूश होतात. त्या चित्रात माणूस ओळखू येईल का, हा हिशेब वेगळा असतो. आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाची 2014 ची आवृत्ती सांगते की पाहण्यातला माणूस ओळखायचा तर जागेच्या एक मीटर रुंदीला 125 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, हवेत. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर 250 हवेत. चार मेगापिक्सेल चित्राची रुंदी 2560 पिक्सेल असते. 4 मिमीची लेन्स साधारण 80 अंश उघडते, त्यामुळे 16 मीटरवर तिच्यात 27 मीटर रुंद जागा मावते. भागाकार करा: मीटरला 95 पिक्सेल. दुचाकीवर दोघे होते, मागच्याचा शर्ट पांढरा होता, इथपर्यंत कळते. कोण होते ते कळत नाही. मग पोलीस ठाण्यात ‘झूम करा की’ असा आग्रह होतो. पण जे पिक्सेल टिपलेच गेले नाहीत ते झूम करून येत नाहीत.

त्याच जागी 12 मिमीची लेन्स लावली तर 16 मीटरवर जेमतेम 8 मीटरची पट्टी दिसते, मीटरला 320 पिक्सेल मिळतात आणि चेहरा सापडतो. चौक मात्र गेला. माणूस जवळ येऊ द्यावा म्हटले तर सहा मीटर उंचीवरून पाच मीटरवरच्या माणसाची टोपी किंवा टक्कल दिसते, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी कॅमेऱ्याची नजर खाली 15 अंशांपेक्षा फार झुकलेली चालत नाही. एवढ्या उंचीवर ते साधायला माणूस साधारण 16 मीटर लांब असावा लागतो. म्हणून नीट काम करायचे तर एका चौकाला एक रुंद कॅमेरा आणि येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला एक अरुंद कॅमेरा लागतो. आपल्या सात रस्ता चौकाला किती होतात ते आपणच मोजा. टेंडरमध्ये मात्र ‘चार मेगापिक्सेल, नाइट व्हिजन, नग इतके’ एवढेच असते. लेन्स किती मिमीची आणि मीटरला पिक्सेल किती, याचा रकानाच नसतो.

गाडीच्या नंबरचे गणित आणखी कडक. ताशी 50 किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. शटर, म्हणजे एक चित्र टिपायला घेतलेला वेळ, 1/50 सेकंद असेल तर एका चित्रात ती 28 सेंटिमीटर सरकते आणि नंबरप्लेटची रेघ होते. शटर 1/1000 केले तर सरकणे दीड सेंटिमीटरच्या आत येते, पण उजेड वीसपट लागतो. रात्री तो कुठून आणायचा? इन्फ्रारेड दिवा लावावा लागतो, त्याचा कोन चुकला तर परावर्तक प्लेट पांढरीफटक उमटते, आणि त्या दिव्याकडे पावसाळ्यात किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि आठवडाभरात काचेसमोर जाळे तयार. रात्रीच्या चित्रात जे पांढरे दोरखंड हलताना दिसतात ते बहुतेक वेळा हेच. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची झाली, ते चांगलेच. पण चोरीच्या दुचाकीलाही तीच सुरेख प्लेट असते, आणि ती कॅमेरा अचूक वाचतो ती मूळ मालकाच्या दारात पोलीस उभे करण्यासाठी.

आता खांबावरची पेटी. आत एमसीबी (जादा वीज आली की तोडणारी कळ), सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा), एसएमपीएस (वीजपुरवठा), पीओई स्विच (एकाच केबलमधून वीज आणि चित्र नेणारा), मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा) आणि एक बॅटरी. सोलापूरचा मे महिना 42-43 अंशांचा, आणि उन्हात तापलेल्या बंद लोखंडी पेटीत त्याहून पुष्कळ जास्त. लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य 25 अंशांना धरून सांगितलेले असते. त्यावर दर 10 अंशांमागे ते निम्मे होते. कागदावर चार वर्षांची बॅटरी इथे दीड-दोन उन्हाळ्यांत फुगते. त्यानंतर वीज गेली की कॅमेरा गेला, आणि अंधार झाला की चोराला सोय, म्हणजे ज्या वेळी लागतो नेमका त्याच वेळी तो नसतो. पीओईची तांब्याची केबल 100 मीटरच्या पुढे चालत नाही. पैसे वाचवायला 130-140 मीटर ओढली की दिवसा चित्र येते आणि रात्री इन्फ्रारेड दिव्याने वीज ओढली की कॅमेरा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. पहिल्या वळवाच्या पावसात केबलच्या टोकाच्या आरजे-45 कनेक्टरला हिरवा गंज धरतो. जलवाहिनी, ड्रेनेज, गॅस, जो कुणी रस्ता खोदेल तो फायबर तोडतो आणि सांगत नाही. आणि जयंती-वाढदिवसाचे फ्लेक्स! अर्ध्या शहराचे पहारेकरी ज्या खांबावर आहेत त्याच खांबाला फ्लेक्स बांधायची आपल्याकडे रीत आहे.

एवढे सगळे नीट चालले तरी पडद्यासमोर माणूस हवा. अमेरिकेच्या न्याय खात्याने शाळांच्या सुरक्षेसाठी 1999 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत नोंद आहे की पडदे पाहत बसलेल्या बहुतेकांचे लक्ष 20 मिनिटांनंतर कामाच्या पातळीखाली घसरते. नियंत्रण कक्षात आठ तासांच्या पाळीत एकाच्या वाट्याला पन्नास-पन्नास चित्रे आली तर तो पाहत नसतो, बसलेला असतो. त्याचा दोष नाही.

कॅमेरे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. वेल्श, फॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 40 वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे तुलनेच्या भागांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सर्वांत स्पष्ट परिणाम वाहनतळांवर होता. हाणामारी, हिंसा यांवर ठळक परिणाम आढळला नाही. जिथे कोणी प्रत्यक्ष पाहत होते आणि जोडीला इतर उपायही होते तिथे गुण जास्त आला. गुन्हा शेजारच्या गल्लीत सरकतो ही भीतीही वाटते तेवढी खरी नाही. तेव्हा एसटी स्टँडच्या किंवा मार्केट यार्डाच्या पार्किंगला कॅमेरा लावा, जरूर लावा. पण 13 टक्के म्हणजे 100 टक्के नव्हेत, आणि दारू पिऊन भर चौकात कोयता काढणारा वर बघून काढत नाही.

कॅमेऱ्याचे खरे काम गुन्ह्यानंतर सुरू होते, आणि तिथेच आपण सर्वाधिक माती खातो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दोन भाग असतात: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा) आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहायचे असते. एसएचए-256 ही पद्धत घेतलेली बरी. फाइलमधला एक बाइट बदलला तरी हे मूल्य बदलते, म्हणून छेडछाड लपत नाही. प्रमाणपत्राचा आग्रह नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात तो पक्का केला, आणि ते प्रकरण तर आपल्या जालन्याच्या निवडणुकीचे: अर्ज मुदतीनंतर स्वीकारले का, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचे होते.

प्रत्यक्षात काय होते? दुकानाच्या डीव्हीआरसमोर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीसमोर) मोबाइल धरून पडद्याचे चित्रण करतात आणि ते व्हॉट्सअॅपवर पाठवतात. पडद्याची लुकलुक, हाताची थरथर, व्हॉट्सअॅपचे आकुंचन यांत उरलेसुरले पिक्सेल जातात, मूळ फाइलची तारीख-वेळ जाते आणि हॅश कशाचे काढायचे हा प्रश्न राहतो. मूळ फाइल काढीपर्यंत ती पुसलेली असते. कारण साधे आहे. आठ कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट), म्हणजे दिवसाला सुमारे 173 जीबी. दुकानदाराने 1 टीबीची हार्ड डिस्क घेतलेली असते. सहाव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवे चित्रण चढते. तक्रार आठव्या दिवशी आली तर संपले. शहराच्या यंत्रणेतही हेच गणित मोठ्या आकड्यात असते: 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा महिन्याला 1.3 टीबी खातो, हजार कॅमेरे 1300 टीबी.

दुसरी गोम घड्याळाची. इंटरनेटवरून वेळ न घेणारे डीव्हीआर महिन्याला मिनिटभर सहज भरकटते. आतली बटणाएवढी बॅटरी मेली असेल तर वीज गेल्यावर घड्याळ थेट मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन बसते. चित्रणात 9 वाजून 12 मिनिटे, कॉल रेकॉर्डमध्ये 9 वाजून 31 मिनिटे. बचाव पक्षाचा वकील याहून जास्त काय मागेल? उपाय फुकटचा आहे. पंचनाम्यात डीव्हीआरची वेळ आणि त्याच क्षणाची मोबाइलची वेळ शेजारी शेजारी लिहायची आणि दोन्ही एका फोटोत घ्यायच्या. मग मूळ स्वरूपातली फाइल प्लेअरसह पेन ड्राइव्हवर काढायची, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून, आणि हॅश जागेवरच काढून पंचनाम्यात लिहायचे. या सगळ्याला तासभर पुरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार जप्तीचे चित्रण आता करावेच लागते, तेव्हा मोबाइल हातात असतोच.

हे झाले रस्त्यावरच्या गुन्ह्यांचे. पण गुन्हे रस्त्यावर घडतात किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या वर आहे. चेहरा ओळखायची अडचण तिथे नसतेच. यंत्रमाग कामगाराकडून दहा टक्के महिना व्याज घेणारा खासगी सावकार कुठल्या खांबाला दिसणार? भीमा-सीनेच्या पात्रातली वाळू नेणारे ट्रॅक्टर दिसतात सगळ्यांना. पाहणाऱ्यांची वानवा तिथे नाही. चिंचोळी औद्योगिक वसाहतीतला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना ऑक्टोबर 2023 मध्ये उघड झाला तो मुंबई गुन्हे शाखेच्या तपासातून. आणि सायबर फसवणूक? गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार 2024 मध्ये देशात या मार्गाने 22,845 कोटी रुपये गेले. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा तर स्वतःच तुमच्या मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवायला लावतो! तिथे 1930 या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन झाला तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की ते पाच खात्यांतून पार होतात. त्या क्रमांकाचा फ्लेक्स आम्ही खांबावरही सहन करू.

शिवाय गुन्हा म्हणजे काय हे कायदा ठरवतो. गुटखा 2012 मध्ये राज्यात बंद झाला आणि काल पानटपरीवर उघड विकली जाणारी पुडी कर्नाटकातून चोरून येऊ लागली. उलट बाजूने व्यभिचाराचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केले आणि एक गुन्हा सबंध देशातून एका दिवसात नाहीसा झाला. कॅमेरे वाढले की उलट गुन्ह्यांचे आकडे वाढतात, कारण पूर्वी न दिसलेले दिसू लागते. सिग्नल तोडल्याच्या चलनांचे पाहा.

आता चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल, कारण पुढची मागणी तीच येणार आहे. समजा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या वाटेवर दोन लाख चेहरे कॅमेऱ्यासमोरून गेले. पोलिसांच्या यादीतले दहा जण त्यांत आहेत आणि यंत्रणा त्यांतले नऊ पकडते, म्हणजे उत्तमच. पण हजारात एकाच्या बाबतीत ती चुकते असे धरा. दोन लाखांत चुकीचे इशारे 200. पोलिसाच्या मोबाइलवर 209 फोटो येतील, खरे नऊ. उरलेल्या दोनशे भाविकांना गर्दीतून बाजूला घेणार की पन्नास इशाऱ्यांनंतर हवालदार मोबाइल खिशात ठेवणार? प्रयोगशाळेतली 99.9 टक्के अचूकता जत्रेच्या धुळीत, विभूतीने माखलेल्या कपाळांवर, टोप्या-पदरांआडून मिळत नाही ते वेगळेच. चूक फक्त त्रासाची नसते. शेजारच्या तेलंगणातल्या मेदकमध्ये 2023 च्या सुरुवातीला एका मजुराला साखळीचोरीच्या सीसीटीव्ही चित्रणावरून संशयित म्हणून ताब्यात घेतले गेले. नंतर त्याचा मृत्यू झाला आणि कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप झाला.

आणि यादीत कोण असणार, हा प्रश्न सोलापूरने तरी विचारायलाच हवा. सर्वांवर नजर ठेवून गुन्हा संपवण्याचा प्रयोग या शहरात एकदा झालेला आहे. 1911 च्या आणि मग 1924 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबे इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर पडायला पास, आणि दिवसा गिरण्यांत काम. त्या काळाच्या मानाने याहून घट्ट पाळत शक्य नव्हती, आणि ठशांचे शास्त्र तेव्हा आजच्या एआयइतकेच नवे आणि दबदब्याचे होते. जगातले पहिले ठसे कार्यालय 1897 मध्ये कोलकात्यात निघाले. सोलापूर जिल्ह्यातली चोरी त्याने संपली नाही. झाले एवढेच की कुठेही चोरी झाली की आधी कोणाच्या झोपडीत शिरायचे हे पक्के झाले, आणि त्यामुळे दुसरीकडचा चोर निवांत राहिला. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. वस्तीचे नाव सेटलमेंट फ्री कॉलनी झाले. पण 1959 चा मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि जुनी रजिस्टरे नव्या पुठ्ठ्यात गेली. ऑक्टोबर 2024 मध्येसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतल्या जातिभेदाच्या प्रकरणात विमुक्त जमातींना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्यांना, जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवर बोट ठेवावे लागले. या रजिस्टरांतले फोटो यंत्रणेला शिकवायला दिले तर ती ज्यांच्याकडे बोट दाखवायला शिकेल ते लोक कोण, हे सांगायला सॉफ्टवेअर इंजिनिअर लागत नाही.

पाळतीची यंत्रणा स्वतःही फोडली जाते. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे, हे अशा प्रकारांचे नेहमीचे दार. एप्रिल 2025 पासून नवे कॅमेरे सरकारी सुरक्षा चाचणीतून जावे लागतात, पण खांबांवर आणि दुकानांत आधीच टांगलेल्यांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

महापालिका आणि पोलीस आयुक्तालयाकडे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शहरातल्या प्रत्येक खांबाला क्रमांक द्या आणि दर महिन्याला यादी जाहीर करा: कोणता कॅमेरा किती तास चालला, कधी बंद पडला, कधी दुरुस्त झाला. 95 टक्के चालू हा आकडा ऐकायला छान वाटतो, पण तो महिन्यात 36 तास बंद असा असतो. ठेकेदाराला बसवल्याचे पैसे कमी आणि चालू ठेवल्याचे जास्त द्या. काम ताब्यात घेताना रात्री घ्या: सोळा मीटरवर माणूस उभा करून आणि समोरून दुचाकी चालवून चेहरा व नंबर वाचता आला तरच सही. जिथे पथदिवाच नाही तिथे आधी पथदिवा. चित्रण किती दिवस ठेवणार आणि कोणी कधी पाहिले याची नोंद कुठे होणार, हे लेखी हवे. चेहरा ओळखणारी यंत्रणा त्याशिवाय आणूच नका. पोलीस ठाण्यांतही कॅमेरे लावून किमान वर्षभराचे चित्रण ठेवावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे; त्या कॅमेऱ्यांचे चालू तासही याच यादीत यावेत.

दुकानदार आणि सोसायट्यांनी आमची वाट पाहायची गरज नाही. डीव्हीआरवरची वेळ मोबाइलशी ताडून पाहा, सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे ते बघा, ते पंधरा दिवसांच्या आतले असेल तर डिस्क मोठी घ्या. पासवर्ड बदला. काचेवरचे जाळे पंधरवड्याला कोरड्या फडक्याने काढा, आणि दरवाजाचा एक तरी कॅमेरा अडीच मीटरपेक्षा वर नेऊ नका.

कॅमेरा व नेटवर्क दुरुस्तीच्या धंद्यातली काही मंडळी,
सोलापूर